कॉलेज फुटबॉल प्लेऑफ: चारच्या बारा झाल्या, आता सोळा की चोवीस?

कोलंबसचा_नाना (धागाकर्ता)

मागच्या सोमवारी (१९ जानेवारी २०२६) मायामीत अमेरिकन कॉलेज फुटबॉलची फायनल झाली, इंडियाना २७ मायामी २१, आणि सीझन संपला. आता ऑगस्टच्या शेवटापर्यंत शनिवारी करायचं काय हा प्रश्न आहे. म्हणजे मला आहे, बायकोकडे गराज आवरण्यापासून सुरू होणारी यादी तयार आहे. त्या यादीला हात लावायच्या आधी हा धागा.

बातमी वाचली असेलच, शुक्रवारी जाहीर झालं की पुढच्या सीझनलाही प्लेऑफ, म्हणजे सीझनअखेरची बाद फेरी, १२ टीम्सचाच राहणार. कुणाला १२ फार आवडलेत म्हणून नाही, कॉलेजांच्या गटांपैकी बिग टेन आणि एसईसी या दोन थोरल्या जावांचं पटलं नाही म्हणून. एसईसीचा कल १६ कडे, बिग टेनला थेट २४ पर्यंत जायचंय. म्हणजे वाढणार हे नक्की, किती यावर अडलंय.

मी इथे २००३ च्या ऑगस्टमध्ये एमएसला आलो. त्याच जानेवारीत आमच्या कोलंबसची ओहायो स्टेट चॅम्पियन झालेली, गावाच्या अंगावरची हळद उतरायची होती अजून. तेव्हा हिशोब साधा होता, अख्ख्या देशातल्या पहिल्या दोनच टीमची फायनल, त्यामुळे एक मॅच हरलात की जीव टांगणीला आणि दोन हरलात की बहुतेक खेळ खलास. प्रत्येक शनिवार म्हणजे बोर्डाचा पेपर.

आता ३० नोव्हेंबर २०२४ घ्या. मिशिगनचं ते वर्ष यथातथाच चाललेलं, तरी आमच्या घरी येऊन १३-१० ने हरवून गेले. वर मैदानाच्या मधोमध झेंडा रोवायला गेले, मारामारी झाली, पोलिसांनी पेपर स्प्रे मारला. मी घरी आलो, रात्री आईचा फोन, तिने आवाज ऐकूनच विचारलं कोण गेलं का रे. आणि त्याच आमच्या हरलेल्या टीमने २० जानेवारीला नोटर डेमला ३४-२३ हरवून किताब घेतला! सुतकात बसलेल्याला बारशाचं बोलावणं यावं तसं झालं. पेढे वाटले, खोटं कशाला बोलू. पण त्या ३० तारखेला स्टेडियममधून पार्किंगकडे चालत येताना माझा मुलगा (तेव्हा १४ वर्षांचा) सहज म्हणाला होता, "बाबा चालतंय, आपण तरी प्लेऑफच्या आत आहोतच." हे 'चालतंय' मला अजून टोचतं. मिशिगनशी हरलेलं चालत नसतं, ही त्या पोराला जन्मापासून दिलेली शिकवण आहे.

तर माझं मत असं, १२ ठीक, याच्या पुढे गेलात तर शनिवारची किंमत उतरणार. बोला.

चिंगी_कोथरूड

नाना, हे हातात बॉल घेऊन पळतात तेच ना? आणि सगळ्यात आधी मला हे सांगा की टीम्स निवडायला कमिटी कशाला लागते, पॉइंट टेबल नाही का तुमच्याकडे?

गणिती_बापू

चिंगीताई, तेच. पाय क्वचित लागतो.

पॉइंट टेबल का नाही ते सांगतो, सगळ्या भांडणाचं मूळ तिथेच आहे. आयपीएलमध्ये १० टीम, प्रत्येकीच्या १४ मॅच, पहिले चार प्लेऑफला, विषय संपला. इथे वरच्या डिव्हिजनला १३६ टीम्स आणि प्रत्येकीला मॅच फक्त १२. या टीम्स कॉन्फरन्स नावाच्या गटांत वाटलेल्या, बहुतेक मॅचेस आपापल्या गटातच, त्यामुळे टेक्सासमधल्या ११-१ ची (अकरा जिंकल्या, एक हरली) आणि ओहायोतल्या ११-१ ची कधी गाठच पडत नाही. एसएससी, सीबीएसई आणि आयसीएसईचे टक्के एकाच कागदावर मांडून अकरावीची एकच मेरिट लिस्ट लावायची, तसलं काम. म्हणून डझनभर माणसं डॅलसजवळ ग्रेपव्हाइनच्या एका हॉटेलात बसतात आणि यादी लावतात.

आधी तर तेही नव्हतं, पत्रकार आणि कोच मतं देत. १९९७ ला पत्रकारांनी मिशिगनला पहिलं केलं आणि कोच लोकांनी नेब्रास्काला, दोघांनी आपापले किताब मिरवले. मग १९९८ पासून बीसीएस, म्हणजे नाना म्हणतात ती दोन टीमवाली फायनल, त्यातही २००३ ला एलएसयू आणि यूएससी असे दोन दावेदार निघालेच. २०१४ पासून चार, २०२४ पासून बारा. दर वेळी सांगितलं गेलं की आता वाद मिटेल.

चिंगी_कोथरूड

मिटला का?

गणिती_बापू

हा धागा बघा ना :)

मिशिगनकर

१३-१० परत वाचून बरं वाटलं नाना. सकाळचा चहा गोड लागला.

बाकी मुद्दा तुमचा बरोबर आहे, ओहायोवाल्याशी सहमत होण्याची वेळ यावी हेच दुर्दैव. चार टीमवाला शेवटचा सीझन २०२३ चा, आम्ही १५-०. अलाबामाला ओव्हरटाइममध्ये २७-२०, वॉशिंग्टनला ३४-१३, कुणाला काही बोलायला जागा ठेवली नाही. हल्लीचे चॅम्पियन घरी हरून येतात.

कोलंबसचा_नाना

बोलायला जागा नाही?? समोरच्या टीमच्या खुणा टिपायला माणसं कोण पाठवत होतं तो विषय मी आज काढत नाही, धागा भरकटेल. आणि या नोव्हेंबरला तुमच्याच अंगणात २७-९ झालं ते विसरलात वाटतं, चार पराभवांनंतर का होईना.

टॅलाहासीची_माई

चारवाला शेवटचा सीझन म्हणालात ना मिशिगनकर, त्याच सीझनची गोष्ट सांगते. आमची फ्लोरिडा स्टेट १३-०. तेरा मॅच, तेरा विजय, एसीसी या मोठ्या कॉन्फरन्सचे चॅम्पियन. आणि कमिटीने आम्हाला पाचवं ठेवलं आणि एक मॅच हरलेल्या अलाबामाला चौथं. कारण काय तर आमचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा मुख्य खेळाडू, जॉर्डन ट्रॅव्हिस जखमी झाला, आता ही टीम आधीसारखी राहिली नाही. अहो त्याच्याशिवाय पण जिंकलोच ना पुढच्या मॅच! पोरगी बोर्डात पहिली आली पण हल्ली तिला बारीक ताप असतो, पुढे झेपायचं नाही, म्हणून कॉलेजात घेत नाही, असं कुणी म्हटलं असतं तर आपल्याकडे मोर्चा निघाला असता. मोठ्या कॉन्फरन्सचा न हरलेला चॅम्पियन बाहेर राहिला तो आमचाच पहिला.

म्हणून मला १६ करा, २४ करा, काही करा. माझा कमिटीवर विश्वास नाही, आकडा जितका मोठा तितका यांच्या हातात आमचा जीव कमी.

कॅप्टन_कुरकुरे

पण माई नंतर ऑरेंज बोल नावाच्या सीझननंतरच्या मॅचमध्ये जॉर्जियाने ६३-३ ने धुतलं ना, मग कमिटीचं चुकलं कुठे

टॅलाहासीची_माई

तुम्ही नेमकं तेच काढणार माहीत होतं. लग्न मोडल्यावर नवरी जेवली नाही म्हणून तिला अशक्त म्हणायचं का? अर्धी टीम त्या मॅचला उतरलीच नव्हती, कुणी एनएफएलची (प्रोफेशनल लीगची) तयारी करत होतं, कुणी दुसऱ्या शाळेत, म्हणजे कॉलेजात, निघालेलं.

सनडेव्हिल_तेजू

मी टेम्पीला ॲरिझोना स्टेटमधून एमएस केलं, मागच्या मे मध्ये संपलं, त्यामुळे मला जुना काळ वगैरे माहीत नाही, एक जानेवारी २०२५ माहितीय. ॲरिझोना स्टेटला सीझनच्या आधी बिग १२ कॉन्फरन्समध्ये सोळापैकी सोळावा नंबर दिला होता लोकांनी. ती टीम कॉन्फरन्स जिंकली, १२ च्या प्लेऑफला चौथं सीड (मानांकन) मिळालं, आणि पीच बोल नावाच्या क्वार्टर फायनलला समोर टेक्सास.

आम्ही सहा जण टू बेडरूममध्ये राहायचो, सोफा नव्हता, गाद्या भिंतीला टेकवून बसलेलो, एकाने पोह्यांचं पातेलं तसंच मध्ये ठेवलेलं. चौथ्या क्वार्टरला २४-८ ने मागे होतो, दोघं झोपायला गेले. मग आमचा बॉल घेऊन पळणारा तो स्कॅटबो सुटला. मॅचमध्ये एकदा बाजूला जाऊन उलटी करून आलेला माणूस, त्याने एक टचडाउन (बॉल शेवटच्या रेषेपार नेणं) पळून केला, एक तर स्वतः पास फेकून करवला, २४-२४. ओव्हरटाइमला आम्ही पुढे, टेक्सासला फोर्थ अँड थर्टीन, म्हणजे चिंगीताई समजा शेवटचा बॉल आणि सिक्सच पाहिजे. आणि त्यांनी मारला. डबल ओव्हरटाइमला ३९-३१ हरलो. झोपलेले दोघं उठून आले होते तोपर्यंत, पोहे कुणीच खाल्ले नाहीत.

चार टीमचा प्लेऑफ असता तर आमचं नावही निघालं नसतं. मला कमिटी बिमिटी माहीत नाही पण ती दुपार मला १२ ने दिली. १६ ने अजून कुणाला तरी मिळेल. मिळू दे की.

गणिती_बापू

तेजूच्या मुद्द्याला आकडे जोडतो. २०२४ ला चारच टीम घेतल्या असत्या तर कमिटीच्या शेवटच्या यादीप्रमाणे ओरेगन, जॉर्जिया, टेक्सास, पेन स्टेट. नोटर डेम पाचवी, ओहायो स्टेट सहावी. म्हणजे फायनल खेळलेल्या दोन्ही टीम्स बाहेर! यंदा मायामी दहावं सीड, टेक्सास ए अँड एम, ओहायो स्टेट आणि ओल मिसला हरवत फायनलला. यादी लावणाऱ्यांना पहिल्या चारांतलं आणि दहाव्यातलं अंतर नीट कळतच नाही, हे दोन वर्षांत दिसलं.

आता उलट बाजू. २०२४ ला पहिल्या फेरीच्या चारही मॅच घरच्या टीमने दहा किंवा जास्त पॉइंटने जिंकल्या, रात्री जागून बघाव्यात अशा नव्हत्या. यंदा टुलेनला ओल मिसने ४१-१० मारलं, जेम्स मॅडिसनला ओरेगनने ५१-३४. ही दोन लहान घरची पोरं आत आली कशी, तर नियम असा होता की यादीत सगळ्यात वर असलेले पाच कॉन्फरन्स चॅम्पियन घ्यायचेच, आणि एसीसीची चॅम्पियन निघाली ८-५ वाली ड्यूक, ती यादीच्या आसपास पण नव्हती, तिची पाट रिकामी राहिली ती जेम्स मॅडिसनला गेली.

कॅप्टन_कुरकुरे

तिचा पाट रिकामा राहिला. पाट पुल्लिंगी हो बापू

गणिती_बापू

धन्यवाद. कमिटीवर तुमच्यासारखे हवेत.

ब्लूमिंग्टनचा_बाळू

मी फक्त एवढंच लिहायला आलोय की इंडियाना १६-०. परत लिहितो १६-०. १८९४ च्या येल नंतर पहिल्यांदा. १८९४ ला टिळकांचा सार्वजनिक गणपती नुकता सुरू होत होता, यावरून समजा.

मी तिथे शिकायला होतो तेव्हा लोक टेलगेटला यायचे, पार्किंगमध्ये खाऊन पिऊन मॅचला आत जायचे, आणि हाफटाइमला परत पार्किंगमध्ये. दुसरा हाफ बघणाऱ्याला वेडा समजायचे, तो वेडा मी. ही फुटबॉलची शाळा नाही, बास्केटबॉलची, हे वाक्य ऐकून कान किटले होते. फायनलला फोर्थ अँड फोर, फील्ड गोल (किक मारून तीन पॉइंट) मारून गप बसायचं सोडून कोच सिग्नेटीने क्वार्टरबॅक मेंडोझालाच पळवलं, तो पोरगा दोन माणसांना धडकून गोल फिरून आडवा होऊन आत पडला, मी शेजाऱ्याच्या डिपवर पडलो. अजून शर्टाला वास येतो, धुतला नाही.

आणि धाग्याच्या विषयावर बोलायचं तर, २०२४ ला आम्ही दहावं सीड म्हणून आत आलो, नोटर डेमने २७-१७ हरवलं, तेव्हा टीव्हीवरचे सगळे ओरडत होते की असल्या टीमला घेतलंच कशाला. तीच 'असली टीम' एका वर्षात चॅम्पियन. ट्रान्सफर पोर्टलमधून (कॉलेज बदलणाऱ्या खेळाडूंची यादी) चांगली पोरं आमच्याकडे यायला तयार झाली त्यात आदल्या वर्षी प्लेऑफला दिसलो याचा हात नाही असं मला कुणी सांगू नये.

मिशिगनकर

बाळू, अभिनंदन. खरंच. (शर्ट धू.)

साऊथबेंडचा_सदू

माझी टीम नोटर डेम, त्यामुळे दगड घेऊन तयार राहा.

यंदाचं नीट समजून घ्या. कमिटीच्या शेवटून दुसऱ्या यादीत अलाबामा ९, आम्ही १०, बीवायू ११, मायामी १२. पुढच्या शनिवारी कॉन्फरन्सच्या फायनल. आम्ही कुठल्या कॉन्फरन्समध्ये नाही, घरी. मायामी त्यांच्या फायनलला पोचलीच नव्हती, तीही घरी. अलाबामा २८-७ ने आपटली, नवाची नवावरच. बीवायू ३४-७ ने आपटली, ती खाली गेली. आणि रविवारी बघतो तर मायामी १० वर, आम्ही ११ वर, बाहेर! दोघंही सोफ्यावर बसलेले, एक जण सोफ्यावरून वर गेला. कमिटी म्हणते मधली बीवायू सरकल्यावर दोघं शेजारी आले म्हणून पहिल्या आठवड्यातली २७-२४ वाली मॅच बघितली. अहो ती मॅच काय नोव्हेंबरभर झाकून ठेवली होती? आधीच्या याद्यांना का नाही आठवली?

मायामी पात्र नव्हती असं मी म्हणत नाही, फायनलला जाऊन दाखवलं त्यांनी. पण दर मंगळवारी टीव्हीवर यादी दाखवून आम्हाला झुलवायचं आणि शेवटच्या दिवशी वेगळाच नियम काढायचा, याला काय म्हणावं.

टॅलाहासीची_माई

सदू, ये, माझ्या शेजारी बस.

कॅप्टन_कुरकुरे

आणि मग रुसून दुसऱ्या बोल गेमला पण नाही म्हणाले. मानपान कमी झाला म्हणून जावई भरल्या पंगतीतून उठला. आता म्हणे पुढच्या सीझनपासून नोटर डेम यादीत पहिल्या १२ त असली की जागा पक्की. जावयाचा हट्ट पुरवतातच शेवटी

चिंगी_कोथरूड

मला मजा यायला लागलीये. आमच्याकडे कॉलेजांची चुरस म्हणजे पुरुषोत्तम करंडक. तिथेही परीक्षकच ठरवतात आणि निकालानंतर भरत नाट्यच्या बाहेर तुमच्यासारखीच माणसं उभी असतात, कुणाचं नाटक कसं मारलं ते सांगत. २०२२ ला तर परीक्षकांनी करंडक कुणालाच दिला नाही, एकही एकांकिका त्या तोडीची वाटली नाही म्हणे.

गणिती_बापू

चिंगीताई हे ग्रेपव्हाइनला कळू देऊ नका.

चिंगी_कोथरूड

अजून एक शंका. बिग टेनमध्ये दहा टीम ना?

मिशिगनकर

अठरा.

चिंगी_कोथरूड

आणि बिग १२ मध्ये?

मिशिगनकर

सोळा. आणि अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये स्टॅनफर्ड आणि बर्कली आहेत, दोघी पॅसिफिकच्या काठावर. विचारू नका. २०२४ ला जुनी पॅक-१२ फुटली, दहा जणी चार दिशांना गेल्या, टीव्हीच्या पैशापायी शंभर वर्षांचं एकत्र कुटुंब मोडलं. आता सिअॅटलची पोरं कॉन्फरन्सची मॅच खेळायला न्यू जर्सीला जातात.

ह्यूस्टनची_सून

मी बघ्याची भूमिका सोडून लिहिते, कारण पैसे आमचे गेलेत. नवरा ॲगी, म्हणजे टेक्सास ए अँड एमचा. २० डिसेंबरला कॉलेज स्टेशनला पहिल्या फेरीची मॅच, सीझनमध्ये फक्त टेक्सासशी हरलेले, एक लाखावर माणसं, सगळं मरून रंगाचं. वारा एवढा की मायामीचा किकर एकामागून एक फील्ड गोल चुकवत होता आणि आमच्या मागचे काका प्रत्येक वेळी आकाशाकडे बघून नमस्कार करत होते. तिसरं क्वार्टर संपलं तरी टचडाउन नाही कुणाचा. शेवटची दोन मिनिटं राहिली असताना मायामीच्या त्या लहानशा मलाकाय टोनीने टचडाउन केला, १०-३. आमचे परत गेले गोलच्या तोंडाशी, आणि पास मायामीच्याच हातात. स्टेडियम इतकं गप्प झालं की मला पॉपकॉर्नची पिशवी चुरगळलेली ऐकू आली. नवरा परतीच्या वाटेवर दोन तास एक शब्द बोलला नाही, मग म्हणाला गॅस भरायला हवा.

एका हॉटेलने तीन दिवस आधी फोन करून सांगितलं की तुमचं बुकिंग 'सिस्टीममध्ये दिसत नाही', तीच खोली तिप्पट भावात दिसत होती. तिकिटाचा आकडा नवऱ्याने मला अजून सांगितलेला नाही, मी विचारलेला नाही, संसार असाच चालतो. पण विचार करा, २४ टीम केल्या तर अजून एक फेरी. पहिली फेरी, क्वार्टर, सेमी, फायनल, आत्ताच चार विमानं होतात, नाताळ ते संक्रांत पंढरीच्या वाऱ्याच. वाढवा म्हणणाऱ्यांनी आधी आमचं क्रेडिट कार्ड बघावं.

तरी खरं सांगू, घरच्या मैदानावरची मॅच होती म्हणून गेलो. क्वार्टर फायनल पण अशाच कॅम्पसवर ठेवा ना, ते रिकाम्या खुर्च्यांचे बोल गेम कशाला.

कोलंबसचा_नाना

सूनबाई, इथे मी पूर्ण तुमच्या बाजूने. २१ डिसेंबर २०२४, आमच्याकडे टेनेसी आलेली, रात्री आठची मॅच, तापमान शून्याच्या बरंच खाली. दोन थर्मल, स्वेटर, त्यावर जॅकेट, त्यावर जर्सी, मी शिवाजीनगरच्या रखवालदारासारखा दिसत होतो. आणि आत जाऊन बघतो तर केशरी रंग! टेनेसीच्या लोकांनी एवढी तिकिटं घेतलेली की आमच्याच घरात आम्ही पाहुणे. शेजारी नॉक्सव्हिलचं म्हातारं जोडपं, रात्रभर गाडी चालवून आलेलं. बाईंनी मला हाताला शेकायची पाकिटं दिली, मी त्यांना सुंठवडीची गोळी दिली, तोंड वाकडं केलं पण गिळली. ४२-१७ जिंकलो, जाताना त्यांनी हात मिळवला. असलं काही जुन्या बीसीएसमध्ये नव्हतं, हे कबूल करावंच लागेल.

फार्गोचा_फाटक

सगळे २४ च्या नावाने दचकताय म्हणून सांगतो, खालच्या डिव्हिजनला म्हणजे एफसीएसला २४ टीमचा प्लेऑफ कधीचाच आहे. पहिल्या आठांना बाय (थेट दुसरी फेरी), बाकीचे पहिली फेरी खेळतात, फायनल सोडली तर सगळं वरच्या सीडच्या घरी. आमची नॉर्थ डकोटा स्टेट २०११ पासून दहा वेळा चॅम्पियन. फार्गोडोममध्ये प्लेऑफच्या मॅचला कानात बोळे घालून बसावं लागतं, बाहेर बर्फ, आत भट्टी. शनिवारची किंमत गेली असं इथे कुणी म्हणत नाही, कारण घरी खेळायला मिळावं म्हणून पहिल्या आठात यायची धडपड असतेच. नियमही स्वच्छ आहेत. वरच्या लोकांना पोटदुखी आकड्याची नाही, वाटणीची आहे.

गणिती_बापू

फाटकांनी दुखऱ्या जागी बोट ठेवलं. वाटणी अशी. प्लेऑफला टीम आत आली की तिच्या कॉन्फरन्सला ४ मिलियन डॉलर, क्वार्टरला अजून ४, सेमीला ६, फायनलला ६. २०२४ ला नोटर डेम फायनलपर्यंत गेली आणि कॉन्फरन्स नसल्यामुळे सगळे २० मिलियन एकटीचे (सदू आता शांत बसेल). ईएसपीएन या टीव्ही चॅनेलचं कंत्राट सहा वर्षांचं ७.८ बिलियनचं, २०३१-३२ च्या सीझनपर्यंत. त्यातल्या मुख्य वाटणीत २०२६ च्या सीझनपासून बिग टेन आणि एसईसीला प्रत्येकी जवळजवळ २९ टक्के, एसीसीला १७ च्या आसपास, बिग १२ ला १५ च्या आसपास, बाकी सगळ्यांनी उरलेल्या ताटात जेवायचं. आणि प्लेऑफ किती टीमचा ते ठरवायच्या किल्ल्या याच दोघींच्या कमरेला.

शाळांनाही पैसा हवाच आहे. जुलै २०२५ पासून शाळा खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, वर्षाला साधारण २०.५ मिलियनपर्यंत. तो आणायचा कुठून? अजून मॅचेस.

बिग टेनने मध्यंतरी जे मांडलं होतं ते बघा, १६ टीम, त्यात बिग टेन आणि एसईसीच्या चार-चार जागा आधीच राखीव, एसीसी आणि बिग १२ ला दोन-दोन. सीझन सुरू व्हायच्या आधी चार पाट मांडलेले. एसईसीला म्हणायचं पाच चॅम्पियन आणि बाकी ११ कमिटीने निवडा, कारण त्यांना खात्री की निवडले तर आपलेच जास्त येतील. हे दुसरं यंदा लावून बघितलं, नोटर डेम, बीवायू, टेक्सास आणि व्हँडरबिल्ट आत येतात. सदू खूश. आणि १०-२ वाली युटा दारात उभी राहून रडते. १२ ला १३ वा रडतो, १६ ला १७ वा.

कॅप्टन_कुरकुरे

६८ टीमच्या बास्केटबॉलमध्ये पण ६९ वा रडतोच. फक्त त्याचं रडणं कुणी ऐकत नाही. पाचव्याचं ऐकू येतं, पंचविसाव्याचं नाही येणार, मग करा २४

डॉ_शिल्पा_ग

एक गोष्ट कुणी बोललंच नाही. इंडियाना १६ मॅच खेळली, एनएफएलचा लीग सीझन १७ चा. ही १९ ते २३ वर्षांची मुलं आहेत, मी ऑर्थोपेडिकच्या कामात रोज यांचे गुडघे बघते (नाव गाव सांगत नाही). डिसेंबरात सेमिस्टरच्या परीक्षा, त्यातच पहिली फेरी, जानेवारीच्या दुसऱ्या दिवशी ट्रान्सफर पोर्टल उघडतं म्हणजे प्लेऑफ चालू असताना पोरं दुसऱ्या शाळांशी बोलतायत, कोच दुसऱ्या नोकऱ्या बघतायत. फेरी वाढवायची तर आधीच्या १२ मधली एक कमी करा किंवा कॉन्फरन्सच्या फायनल बंद करा, हरून पण आत येता येतं तर त्यांना अर्थ काय उरलाय. नुसतं शेवटी शेपूट जोडत गेलात तर माझ्या क्लिनिकची लाइन वाढेल, दुसरं काही नाही.

टॅलाहासीची_माई

हे पटलं डॉक्टर. कॉन्फरन्स फायनल बंद, ती शनिवारची जागा पहिल्या फेरीला, म्हणजे मॅच तेवढ्याच. पण कमिटी पण बंद.

गणिती_बापू

माई, १३६ टीम, १२ मॅच. कमिटी नाही तर कॉम्प्युटर, आणि बीसीएसमध्ये कॉम्प्युटरला किती शिव्या बसायच्या ते नानांना विचारा.

कोलंबसचा_नाना

खूप. काही माझ्या पण होत्या.

सगळं वाचलं. तेजूची पोह्यांची दुपार, बाळूचा शर्ट, सदूचा सोफा. धागा काढला तेव्हा १२ च्या वर एकही नको यावर ठाम होतो. आता एवढं म्हणतो, १६ करायचे तर करा, पण आधीच मांडलेले पाट नकोत, पहिल्या दोन फेऱ्या कॅम्पसवर, आणि डॉक्टर म्हणतात तसं एक मॅच कमी करून. २४ ला माझा विरोध कायम, कारण नऊ-तीन वाल्याला आत यायचं ठाऊक असेल तर नोव्हेंबरात थंडीत कुडकुडायला मी तरी कशाला जाऊ.

फार्गोचा_फाटक

जाल हो. सगळे म्हणतात आणि सगळे जातात.

मिशिगनकर

नाना, या २८ नोव्हेंबरला आपली मॅच तुमच्याकडे आहे. तीन तासांचा तर रस्ता. मी येतो, निळा शर्ट घालून येणार आणि काढणार नाही.

कोलंबसचा_नाना

या. जेवण देईन, झोपायला बेसमेंट. झेंडा आणलात तर गाडीत ठेवायचा.

चिंगी_कोथरूड

पण आता ती मॅच हरली तरी चालतं ना? प्लेऑफ असतोच की नंतर.

मिशिगनकर

नाही.

कोलंबसचा_नाना

चिंगीताई, धाग्यावरून उठवीन.